सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदाचं नाव सापडत नाही, स्टार आणि प्रश्नचिन्ह नेमकं कसं वापरायचं?

पत्तीन_खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका कृषी पत्तीन (म्हणजे पतपुरवठा) सोसायटीत क्लार्क आहे. सभासद तीन-चार हजाराच्या आसपास. आधी सगळं लेजरात होतं, मग कॉम्प्युटरवर आलं, आणि एंट्री वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी केल्यात त्यामुळं एकच आडनाव चार तऱ्हेनं पडलंय. पाटील दीर्घ, पाटिल ऱ्हस्व, कुलकर्णी, कुळकर्णी, उचगावकर, उचगांवकर, परशराम, परशुराम. काही एंट्री कन्नड यादीवरनं बघून मराठीत केलेल्या, तिथं यल्लाप्पा, येल्लाप्पा, यल्लप्पा असं तिन्ही आहे. माणूस काउंटरला येतो, नाव सांगतो, मी टाइप करतो आणि सॉफ्टवेअर म्हणतं रेकॉर्ड नाही. समोरचा म्हातारा माणूस म्हणतो अरे बाळ आमच्या बापाच्या वेळेपासनं शेअर हाय आमचा, आणि ते खरंच असतं, जुनं लेजर काढलं की नाव सापडतंय. म्हणजे नाव आहे, फक्त मला मिळेना.

सर्च बॉक्सखाली वाइल्डकार्ड (म्हणजे नक्की माहीत नसलेल्या अक्षराच्या जागी टाकायचं चिन्ह) चालतं एवढंच लिहिलंय खरं कुठलं चिन्ह ते लिहिलेलं नाही. सभासद स्क्रीनवर स्टार टाकला तर शेकडो नावं येतात, तोच स्टार कर्जाच्या स्क्रीनवर टाकला तर एकपण येत नाही. असं का? सप्टेंबरात जनरल बॉडी आहे, त्याच्या आधी यादी नीट लावूलालोय, कुणाचं नाव राहून गेलं तर त्या माणसाला उत्तर काय द्यायचं. हीच यादी एक्सेलमध्ये पण काढून ठेवलीय, तिथं कसं करायचं ते पण कुणीतरी सांगा. इंग्लिश नावाचा कॉलम वेगळा आहे, तो आधार बघून भरलेला.

घटप्रभा_काठ

दादा चिन्हं दोनच आहेत, एक्सेलपासनं सुरू करा म्हणजे हाताला बसेल. स्टार म्हणजे * याचा अर्थ इथं कितीही अक्षरं असू देत, एकपण नसलं तरी चालेल. प्रश्नचिन्ह म्हणजे ? याचा अर्थ इथं बरोब्बर एक अक्षर, कमी नाही जास्त नाही. सगळा घोळ या 'एकपण नसलं तरी' मध्ये होतो. तुमचंच उदाहरण घ्या, उचगा*वकर टाकलं की उचगावकर आणि उचगांवकर दोन्ही येतील. खरं उचगा?वकर टाकलं तर फक्त अनुस्वारवाला येणार, साधा येणार नाही, कारण त्याच्यात गा आणि व च्या मध्ये काहीच नाही आणि प्रश्नचिन्हाला तिथं काहीतरी पाहिजेच. तसंच परश*राम केलं की परशराम परशुराम दोन्ही.

एक्सेलमध्ये हे कंट्रोल एफ मध्ये चालतं, फिल्टरच्या सर्चमध्ये चालतं, काउंटइफ (किती नावं जुळतात ते मोजणारा फॉर्म्युला) मध्ये चालतं. गुगल शीटचं काउंटइफ पण हेच दोन घेतं. मी आधी काउंटइफ लावून बघतो किती येतात, दोन-चार आले तर ठीक, दोनशे आले तर चिन्ह चुकीच्या जागी पडलंय असं समजायचं आणि अजून एखादं अक्षर वाढवायचं.

व्हीलुकअप (नाव शोधून त्याच्या ओळीतली माहिती आणणारा फॉर्म्युला) वापरत असाल तर जपून. स्टार घालून व्हीलुकअप चालतं, खरं ते पहिलं जे नाव मिळेल ते देऊन थांबतं, खाली अजून पाच असले तरी सांगत नाही. त्याचाच नवा प्रकार एक्सलुकअप असेल तर त्याला मॅच मोड २ द्यावा लागतो, नाहीतर ते स्टारला साधा स्टारच समजतं.

डीटीपी_शहापूर

मराठी नावाच्या बाबतीत एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो, कारण माझं रोजचं काम लग्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल, दिवसभर नावंच टाइप करतो.

आपण ज्याला एक अक्षर म्हणतो आणि कॉम्प्युटर ज्याला एक अक्षर म्हणतो ते वेगळं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या टायपिंगच्या पद्धतीत, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. पाटील म्हणजे आपल्याला तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला पाच आहेत, प, काना, ट, दीर्घ वेलांटी, ल. पाटिल पण पाचच, फक्त चौथं वेगळं. म्हणून पाट?ल टाकलं की दोन्ही येतात, प्रश्नचिन्ह त्या वेलांटीच्या जागेवर बसतं. कुलकर्णीचं पण बघा, क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, वेलांटी असे आठ. त्यामुळं कु?कर्ण? एवढं टाकलं की ल वाले, ळ वाले, ऱ्हस्व वाले, दीर्घ वाले सगळे एका दमात. पहिलं प्रश्नचिन्ह ल-ळ साठी, शेवटचं वेलांटीसाठी.

खरं जोडाक्षर आलं की मोजणी बदलते. शिंदे पाच आणि शिन्दे सहा, कारण अनुस्वार एकच चिन्ह आहे आणि अर्धा न म्हणजे न अधिक हलन्त. तिथं प्रश्नचिन्ह कामाचं नाही, शि*दे करा. तुमच्या यल्लाप्पासाठी य*ल्ल*प्पा करा, तुम्ही लिहिलेले तिन्ही येतील. येळ्ळूरकर लोकांसाठी *ळूर* करून बघा, येळूरकर येळ्ळूरकर यळ्ळूरकर सगळे सापडतील, पत्त्याच्या कॉलममध्ये मात्र तेच टाकू नका, बेंगळूर आणि मंगळूर पण येऊन बसतील. लक्ष्मी नावाचा तर किती प्रकार बघितलाय मी, लक्ष्मी, लक्षुमी, लक्ष्मि, त्याला लक्ष*म* हे बरं, त्यात लक्ष्मण पण येणार ते आलेलं चालवून घ्यायचं, डोळ्यानं बाजूला काढता येतं.

अजून एक, हे सगळ्यात छळणारं. कऱ्हाडकर आडनाव. स्क्रीनवर एकसारखं दिसतं, आत दोन तऱ्हेनं साठवलेलं असतं. एकात नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्याच्यामागं न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. तुम्ही एका पद्धतीनं टाइप करणार आणि एंट्री दुसऱ्या पद्धतीनं असली की जन्मभर शोधत बसलात तरी मिळणार नाही, आणि तुम्हाला वाटणार मी तर अगदी बरोबर लिहिलंय. तिथं क*हाडकर करायचं. वऱ्हाडी, गोऱ्हे, बऱ्हाटे, असं अर्धं र चं आडनाव आलं की डोळे झाकून त्या जागी स्टार टाका.

आणि शेवटचं, तुमच्या जुन्या एंट्री कुठल्या फॉन्टमध्ये आहेत ते आधी बघा. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आत मराठी नाहीच, इंग्लिश की-बोर्डची चिन्हं आहेत, फॉन्ट लावला म्हणून मराठी दिसतं. त्याच्यावर युनिकोडमधनं कुठलंही वाइल्डकार्ड टाका, शून्यच येणार. ओळखायचं सोपं आहे, ते नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा मोबाईलवर पेस्ट करा, गिचमिड आली तर जुना फॉन्ट. ते पहिल्यांदा कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावं लागतं आणि त्यानंतर एकेक नाव वाचून घ्यावं लागतं, जोडाक्षरात कन्व्हर्टर अक्षरं खातो.

कोडर_टिळकवाडी

दोन स्क्रीन दोन तऱ्हेनं का वागतात ते सांगतो. बहुतेक बिलिंग, सोसायटी, शाळा असल्या सॉफ्टवेअरच्या मागं एसक्यूएल डेटाबेस असतो आणि त्याची चिन्हं वेगळी आहेत. तिथं स्टारच्या जागी % आणि प्रश्नचिन्हाच्या जागी _ म्हणजे अंडरस्कोअर. सभासद स्क्रीन लिहिणाऱ्यानं तुमचा स्टार आतल्या आत पर्सेंटमध्ये बदलून दिलाय असं दिसतंय, वर दोन्ही बाजूला स्वतःचे पर्सेंट पण लावले असतील म्हणून शेकडो नावं. कर्जाच्या स्क्रीनवर ते केलेलं नाही, तुमचा स्टार तसाच डेटाबेसपर्यंत जातो आणि डेटाबेस खरोखरचा स्टार असलेलं नाव शोधतो, जे नाहीच. कर्जाच्या स्क्रीनवर पाट%ल टाकून बघा, माझ्या अंदाजानं चालेल. जुनं सॉफ्टवेअर ॲक्सेसवर असेल तर त्यात मात्र नेहमीच्या सेटिंगला स्टार आणि प्रश्नचिन्हच असतं, आणि # टाकलं की एक अंक.

कुठल्याही नवीन सर्च बॉक्सला असंच तपासायचं. नक्की असलेलं एक नाव घ्यायचं, मधलं एक अक्षर काढून तिथं स्टार, मग पर्सेंट, मग प्रश्नचिन्ह, मग अंडरस्कोअर. मग नुसतं अर्धं नाव कुठलंही चिन्ह न लावता. अर्ध्या नावावरच यादी आली तर समजायचं मागं त्यानं आधीच लावलंय, तुम्ही शेवटी स्टार द्यायची गरज नाही. हे पाच मिनिटांत कळतं आणि कागदावर लिहून काउंटरला चिकटवून ठेवा म्हणजे तुमच्यामागं बसणाऱ्याला पण कळेल.

सुरवातीलाच स्टार दिला की डेटाबेसला इंडेक्स (नावांची आधीच क्रमानं लावलेली सूची) वापरता येत नाही, वहीसारखी पहिल्या पानापासनं शेवटपर्यंत सगळी नावं चाळावी लागतात. तीन-चार हजार नावांत तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही, लाखात गेलं की स्क्रीन अडकल्यासारखी वाटते. म्हणून पहिलं अक्षर नक्की माहीत असेल तर ते द्या.

खरं इंग्लिश कॉलममध्ये पहिलं अक्षरच नक्की नसतं, ही आपल्याकडची खरी अडचण. वसंत, विठ्ठल, वाडकर, कुणी व्ही घालतं कुणी डब्ल्यू. तिथं पहिल्याच जागेवर प्रश्नचिन्ह किंवा अंडरस्कोअर द्यायचं आणि पुढचं नीट लिहायचं. कन्नड शाळेत शिकलेल्यांचं ज्योती, सविता, सुनीता यात टी नंतर एच असतो, मराठी शाळेतल्यांच्यात नसतो, टी नंतर स्टार दिला की मिटलं. लक्ष्मी कुठं एक्सनं तर कुठं केएसएचनं. पाटीलमध्ये आय किंवा डबल ई, म्हणून पी ए टी स्टार एल असं करतात लोक, त्यात पटेल पण येतात हे लक्षात ठेवा.

काही डेटाबेसमध्ये साउंडेक्स नावाचं फंक्शन तयार मिळतं, उच्चारावरनं नाव शोधायचं. ते फार जुनं आहे, अमेरिकेत १९१८ साली त्याचं पेटंट झालं. पहिलं अक्षर तसंच ठेवतं, स्वर टाकून देतं, बाकी व्यंजनांना अंक देतं. चौगुले ए-यू नं लिहा, ओ-यू नं लिहा की ओ-डब्ल्यू नं, कोड एकच, सी२४०. नाईक आणि नायक दोन्ही एन२००. खरं पाटील आणि पटेल पण एकच, पी३४०, आणि पहिलं अक्षर तसंच ठेवत असल्यामुळं व्ही-डब्ल्यूच्या घोळाला त्याचा काही उपयोग नाही. मराठीतल्या कॉलमला तर ते लावूच नका, ते इंग्लिश अक्षरांसाठी बनलेलं आहे.

पत्तीन_खानापूर

सर्वांचे मनापासून आभार. कर्जाच्या स्क्रीनवर पर्सेंट चाललं! पाट%ल टाकल्याबरोबर दोन्ही पाटील आले. कु?कर्ण? एक्सेलमध्ये लावलं, जे सभासद गहाळ म्हणून मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवले होते त्यातले बरेच जागेवरच निघाले. कऱ्हाडकर पण सापडले, डीटीपी सर तुम्ही म्हणालात तेच होतं, दिसायला तंतोतंत एक.

आता दोन अडचणी राहिल्यात. एक म्हणजे काही एंट्रीत आडनाव आधी आहे, पाटील मारुती भरमा असं, काहीत मारुती भरमा पाटील, म्हणून मारुती*पाटील टाकलं तर अर्धेच येतात. दुसरं, काही नावं सगळं बरोबर असून येत नाहीत, *पाटील टाकलं तर येत नाहीत आणि *पाटील* टाकलं तर येतात. शेवटी काहीच नाही हो, मी नीट बघितलं.

डीटीपी_शहापूर

शेवटी स्पेस आहे. टाइप करणाऱ्यानं नावानंतर सवयीनं स्पेसबार मारलेला असतो, तो दिसत नाही. एक्सेलमध्ये बाजूच्या कॉलममध्ये ट्रिम लावा, मागचे पुढचे स्पेस जातील आणि मधले डबल स्पेस पण एक होतील. एवढं करून जात नसेल तर तो इंटरनेटवरनं कॉपी झालेला नॉन ब्रेकिंग स्पेस आहे, १६० नंबरचा, त्याला ट्रिम हात लावत नाही, सबस्टिट्यूटनं कॅरॅक्टर १६० काढून तिथं साधा स्पेस घाला आणि मग ट्रिम.

कोडर_टिळकवाडी

उलटसुलट नावाला एकच पॅटर्न लावू नका, स्टारवाल्या पॅटर्नमध्ये क्रम पक्का असतो. दोन अटी वेगवेगळ्या लावा. एक्सेलमध्ये काउंटइफ्स घ्या, एकाच कॉलमला दोनदा, एकदा *मारुती* आणि एकदा *पाट?ल*. दोन्ही असले पाहिजेत, कुठं का असेनात. फिल्टरमध्ये पण कस्टममध्ये जाऊन 'आणि' घालून दोन अटी देता येतात. मारुतीराव, मारुती, मारूती असं पण असणार म्हणून खरंतर *मार?ती* घ्या.

पत्त्यात बेळगावचं पण असंच करा. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासनं इंग्लिशमधलं सरकारी नाव बदललं, त्यामुळं जुन्या फॉर्मवर एक आणि नव्या फॉर्मवर एक, आणि त्यावरनं मराठीत कुणी बेळगाव, कुणी बेळगांव, कुणी बेळगावी, कुणी बेलगाम. *बे?गा* एवढ्यात हे सगळे येतात. *बेळग* असं नुसतं टाकलं तर बेळगुंदीचे सभासद पण त्यात मिसळतील, आणि बेलगामवाले राहतील ते वेगळंच.

निपाणी_पतसंस्था

मी पतसंस्थेत वसुली आणि खातं बघते, बरीच वर्षं झाली. तुम्ही सगळ्यांनी शोधायचं छान सांगितलं, पुढचं मी सांगते कारण माझ्या मते खरं काम तिथनं सुरू होतं. स्टार टाकून नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नाही. आपल्याकडं एका गावात एका नावाचे चार माणूस असतात, आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, वडिलांचं नावसुद्धा जुळतं कधी कधी. पाट?ल टाकून दोन एंट्री आल्या, एक पाटील एक पाटिल, आणि बघणाऱ्यानं वाटलं हे एकच म्हणून दोन्ही खाती एकत्र केली तर एकाच्या शेअरचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात. ते सोडवायला वर्ष वर्ष जातं आणि दोन घरांत कायमचं वाकडं येतं.

म्हणून वाइल्डकार्डनं फक्त यादी काढायची, ठरवायचं दुसऱ्या कशावरनं तरी. शेअर नंबर, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, उताऱ्यावरचा सर्वे नंबर, जुन्या लेजरचा पान नंबर. यातल्या निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. आणि स्पेलिंग दुरुस्त करताना जुनं नाव पुसू नका हो, बाजूला एक कॉलम करा 'जुन्या नोंदीप्रमाणे' म्हणून आणि ते तसंच ठेवा. उद्या त्यांच्या शेअर सर्टिफिकेटवर पाटिल ऱ्हस्व असेल आणि तुमच्याकडं फक्त दीर्घ, तर तोच म्हातारा माणूस परत काउंटरला उभा राहणार आणि पुढचा क्लार्क त्याला परत नाही म्हणणार.

बायकांच्या नावाकडं जास्त लक्ष द्या. लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, नवऱ्याचं नाव मध्ये, नुसतंच नाव आणि पुढं बाई किंवा व्वा, लक्ष्मीबाई, लक्ष्मव्वा एकच असू शकते. यादीतनं राहून जाणाऱ्यात सगळ्यात जास्त ह्याच असतात आणि त्या भांडायला पण येत नाहीत, गप्प परत जातात. आडनावावरनं त्या सापडणार नाहीत, गावावर आणि सर्वे नंबरवर शोधा आणि मग नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवर स्टार.

पत्तीन_खानापूर

अक्का, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. जुन्या नोंदीप्रमाणे हा कॉलम आजच करतो. महिला सभासदांची यादी वेगळी काढून गावच्या संचालकांना दाखवून घ्यायची असं पण ठरवलंय.

अजून एकच विचारतो. आमच्या आधीच्या क्लार्कनी मयत सभासदांच्या नावापुढं खूण म्हणून खरोखरचा स्टार टाइप केलाय. त्यांच्या वारसांची नोंद करायची आहे म्हणून तेवढेच बाजूला काढायचे आहेत, खरं एक्सेलमध्ये स्टार शोधला की सगळीच यादी येते.

घटप्रभा_काठ

स्टारच्या आधी ~ हे चिन्ह द्या, की-बोर्डवर एकच्या डाव्या बाजूला असतं, शिफ्ट दाबून. ~* असं फिल्टरच्या सर्चमध्ये टाकलं की एक्सेल त्याला वाइल्डकार्ड न समजता साधा स्टार समजतं आणि तेवढीच नावं येतात. खरं प्रश्नचिन्ह शोधायचं असेल तर ~? करायचं.

एक मात्र हात जोडून सांगतो, नुसता * फाइंड अँड रिप्लेसमध्ये टाकून रिप्लेस ऑल कधी दाबू नका. स्टार काढून टाकायचा म्हणून लोक करतात, आणि एक्सेल स्टारचा अर्थ सगळं असा घेऊन प्रत्येक सेलच रिकामा करतं. रिप्लेसमध्ये पण ~* च द्यायचं, आणि ते सुद्धा वारसांची यादी वेगळ्या शीटमध्ये काढून झाल्यावर, कारण तो स्टार गेला की कोण मयत ते कळायला तुमच्याकडं दुसरं काही नाही. आधी मयत असा एक कॉलम करा, त्यात होय भरा, फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, मग काढा.

कोडर_टिळकवाडी

बरोबर. आणि कर्जाच्या स्क्रीनवर तर तुमचं काम अजून सोपं आहे, तिथं स्टार हे साधं अक्षरच आहे, म्हणून %*% असं टाकलं की मयत सभासदांपैकी कुणाच्या नावावर कर्ज बाकी आहे ते थेट येईल.